'असंच असतं' म्हणण्याआधी

'असंच असतं' या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. शाळेत असताना शिक्षकांच्या खोलीत मी ते रोज ऐकत असे. "त्या वस्तीतली मुलं ना, असंच असतं." "आठवीत गेलं की गणिताचे मार्क उतरतातच, असंच असतं." बोलणारे काही वाईट नसत. त्यांच्या बोलण्यात तथ्यही असे. आठवीचं गणित अवघड असतंच की! पण एखाद्या मुलाचे मार्क उतरण्यामागे फळ्यावरचं न दिसणं हेही कारण असू शकतं. अवघड गणिताच्या नावाखाली ते कारण झाकलं जातं, आणि पोर वर्षभर डोळे किलकिले करून बसतं. वाक्य पूर्ण खोटं असतं तर कुणीतरी खोडून काढलं असतं. अर्धं खरं असतं म्हणून ते टिकतं.

आज हे पुन्हा आठवायचं कारण म्हणजे एका मोटारीचं इंजिन. दचकू नका, मंडळी! मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई, मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि गाडी मला आजही चालवता येत नाही. पण माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो आणि त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे. गेले काही महिने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमची उलटी शाळा भरते. मावशी प्रश्न विचारते आणि भाचा उत्तरं देतो. घरच्यांना हे प्रकरण तुकड्यातुकड्याने ठाऊक आहे. आता ते मार्गी लागलं आहे, तर एकदा सलग लिहिते.

त्याची गाडी १९७२ सालची शेव्हरोले. इंजिन ३५० घनइंचांचं, आठ सिलिंडरचं, म्हणजे आपल्या मारुती ८००च्या सातपटीहून मोठं. ही इंजिनं उघडून त्यात फेरफार करणं हा तिकडे दोन-तीन पिढ्यांचा छंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या वेगवान करणाऱ्या पोरांचं पेवच फुटलं. १९४८ साली 'हॉट रॉड' नावाचं त्यांचं मासिक निघालं. १९५५ मध्ये शेव्हरोलेने आटोपशीर आठ सिलिंडरचं इंजिन आणलं आणि छंदाला हक्काचं खेळणं मिळालं. याच घराण्यातलं ३५०चं इंजिन १९६७ सालचं. असल्या इंजिनाची ताकद वाढवायचा एक ठरलेला उपाय म्हणजे त्याचा कॅमशाफ्ट बदलणं. भाच्याने तोच केला.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक दांडा. तो फिरतो तसे ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, आणि उंचवटा पुढे गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. एक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोल आत घेण्याचा, दुसरा जळलेला धूर बाहेर टाकण्याचा. कुठला व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि किती वेळ उघडायचा याचं वेळापत्रकच त्या दांड्यावर कोरलेलं असतं. जोरदार कॅम बसवला की व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात.

आता 'व्हॅक्यूम'. शाळेत आपण निर्वात पोकळी शिकलो, पण इथे पूर्ण पोकळी नसते. मी त्याला आपली 'ओढ' म्हणते. पिस्टन खाली जाताना हवा मागतो, पण गाडी उभी असताना हवेची झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे आतल्या नळ्यांमध्ये, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब कमी होतो. हा फरक पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाऱ्याचा सुमारे ३० इंचांचा स्तंभ तोलून धरतो. टोरिचेल्लीचा १६४३ सालचा तो प्रयोग आठवत असेलच! धडधाकट, मूळ कॅम असलेलं इंजिन संथ चालत असताना ही ओढ साधारण १७ ते २१ इंच असते आणि मापकाची सुई स्थिर असते.

नवा कॅम बसवल्यावर भाच्याच्या मापकाने दाखवले ५ इंच. इंजिन उभ्या जागी थडथडत होतं. धुराला पेट्रोलचा इतका वास की डोळ्यांना पाणी यावं. हे सगळं तो कौतुकाने दाखवत होता, कारण त्या अडखळत्या आवाजावर तिकडची मंडळी जीव टाकतात. त्याच्या मित्रांनी निकाल दिला, "मोठा कॅम बसवलास, आता असंच असतं."

झालं! मी कान टवकारले.

मित्रांचं म्हणणं निराधार नव्हतं, हे आधी सांगायला हवं. धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आत हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडू लागतो, म्हणजे काही क्षण दोन्ही उघडे असतात. जोरदार कॅममध्ये हा काळ लांबतो. इंजिन संथ असताना त्या वेळात जळलेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो. शिवाय आतला व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, म्हणून वर येणारा पिस्टन घेतलेल्या मिश्रणातलं थोडं परत ढकलतो. मग इंजिन चालू ठेवायला हवेची झडप जास्त उघडावी लागते आणि ओढ आणखी कमी होते. वेग वाढला की वाहत्या हवेचा रेटाच सिलिंडर चांगला भरतो, आणि त्यासाठीच तर हा खटाटोप. थोडक्यात, वेगातल्या ताकदीची किंमत उभ्या इंजिनाने मोजायची. मित्र याच किमतीबद्दल बोलत होते.

माझा प्रश्न एवढाच होता, की किंमत किती? आठच्या जागी दहा रुपये घेतले तर 'महागाई आहे' म्हणून आपण गप्प बसतो. पंचवीस घेतले तर विचारतोच ना?

भाच्याने कॅम काढण्याआधी जुनी ओढ मोजून ठेवली नव्हती, त्यामुळे तुलनेला आकडाच नव्हता. मग त्याने कॅम बनवणाऱ्यांना विचारलं. या कॅमला समुद्रसपाटीला साधारण १२ ते १४ इंच मिळायला हवेत असं उत्तर आलं. आता डेन्व्हर आहे ५,२८० फुटांवर, बरोबर एक मैल उंच. दर हजार फुटांना सुमारे एक इंच ओढ घटते असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे पाच इंच वजा. उरले ७ ते ९. मापकावर होते ५.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हेच गणित सगळ्यात महत्त्वाचं. पाच इंच उंचीचे, सहा-सात इंच कॅमचे, आणि वरचे दोन ते चार इंच कुणाचेच नाहीत! त्यांना जाब विचारणं म्हणजे निदान. 'असंच असतं' म्हणणारा सगळी घट एकाच खात्यावर लिहून वही मिटतो.

याच्या उलट जातीचाही एक सल्लागार भेटला. त्याचा हुकूम, "कार्बोरेटर बदल, मग डिस्ट्रिब्यूटर बदल, नाही जमलं तर कॅम परत काढ." ही पद्धतही मला तितकीच आळशी वाटते. एकाने मोजलं नाही आणि सोडून दिलं, दुसऱ्याने मोजलं नाही आणि खर्चात पाडलं. एका वेळी चार भाग बदलले तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही.

भाच्याने मग रीतसर सुरुवात केली. दोन नियम ठरले. जिथे जिथे आपला हात लागला होता ते आधी तपासायचं, आणि त्यातही कमी पाने लागतील ते आधी. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर आकडा वहीत.

पहिल्यांदा दुसरा मापक लावून पाहिला. तोही ५ दाखवत होता, म्हणजे मापक खोटा नव्हता. मग मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्या एकेक काढून तोंडं बंद करून पाहिली, ब्रेकची नळीसुद्धा. आकडा हलला नाही.

मग ठिणगीची वेळ. गाडी कारखान्यातून आली तेव्हा ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या ६ अंश आधी पडत होती, आणि त्याने सवयीने तीच ठेवली होती. पण जळका वायू मिसळलेलं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर लागते. त्याने ती १६ अंशांवर आणली. वेगात असतानाची एकूण मर्यादा ३४ ते ३६ अंशांच्या पुढे जाणार नाही याची काळजी घेतली, नाहीतर इंजिन ठोके मारू लागतं. इंजिनाचा वेग आपोआप वाढला, म्हणून हवेची झडप थोडी मिटता आली. सुई ७ वर गेली. दोन इंच सापडले, तेही एक पैसा खर्च न करता.

पुढे व्हॉल्व्हचे टॅपेट पाहिले. ते जास्त आवळले गेले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत. ते ठीक होते. कॅम साखळीच्या चाकावर एक दात जरी मागे बसला, तरी ओढ अशीच पडते. अंशांची चकती लावून तेही तपासलं. बरोबर होतं.

राहिली गळती. आमच्या माहेरी विहिरीवर मोटर होती. पाइपाच्या जोडातून हवा शिरली की ती नुसती फिरायची आणि पाणी चढायचं नाही. वडील म्हणायचे, "हवा घेतेय." इंजिनही असंच हवा घेतं. या जातीच्या इंजिनात कॅम बदलताना मॅनिफोल्ड काढावाच लागतो, म्हणजे त्याखालचं पॅकिंग नवं बसतं. संशयाला जागा होतीच. पण ज्वालाग्राही फवारा मारून गळती शोधायची जुनी पद्धत त्याने वापरली नाही. तापल्या इंजिनावर तसलं काही उडवू नये हे मलासुद्धा पटलं. त्याने आत धूर सोडून पाहिला. बाहेरून कुठेच धूर दिसला नाही.

इथे कुणीही म्हटलं असतं, की झालं, गळती नाही. पण मॅनिफोल्डची एक कड इंजिनाच्या पोटाकडे असते आणि ती बाहेरून दिसत नाही. त्याने इंजिनाच्या श्वासाच्या इतर वाटा बंद केल्या, इंजिन चालू केलं आणि तेल भरायच्या तोंडावर साधी प्लास्टिकची पिशवी धरली. सगळं ठीक असेल तर पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या वायूने पिशवी थोडी फुगायला हवी. ती आत ओढली गेली! म्हणजे इंजिन स्वतःच्याच पोटातून हवा घेत होतं. मॅनिफोल्ड उतरवला, तर एका कोपऱ्यात पॅकिंग दुमडलेलं. नवं बसवलं आणि सुई ९ वर आली.

नऊ इंच! त्या कॅमचा त्या उंचीवरचा वाजवी भाव. आता मात्र 'असंच असतं' म्हणायला माझी हरकत नाही.

हे मी इतकं मनावर का घेतलं, तेही सांगते. साताऱ्याच्या माझ्या अक्काला दोन वर्षांपूर्वी फार थकवा येऊ लागला. जिना चढवेना, बोलता बोलता झोप लागे, थंडी सोसेना. सगळे म्हणत, "पंच्याऐंशी झालं वय, असंच असतं." एका डॉक्टरांनीही तेच सांगून टॉनिक दिलं. अक्का हट्टी. "मागच्या दिवाळीला मी जिना चढत होते, सहा महिन्यांत वय इतकं वाढतं का?" असं विचारून तिने दुसरीकडे रक्त तपासून घेतलं. थायरॉइड मंदावलेलं निघालं. रोज एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ती पुन्हा देवळापर्यंत जाऊ लागली. गुडघे अजून दुखतात. ते वयाचे, आणि तिने ते मान्य केले आहेत. थकवा वयाचा नव्हता, म्हणून तो तिने मान्य केला नाही. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांच्या बाबतीत प्रत्येक दुखणं वयाच्या खात्यावर टाकायची जगाला घाई असते. भाच्याचं इंजिन मला जवळचं वाटलं ते यामुळे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. किंमत वाजवी ठरली म्हणून ती परवडते असं नाही.

मोटारीच्या ब्रेकला जोर देणारा डबा, बूस्टर, याच ओढीवर चालतो. एका पडद्याच्या एका बाजूला इंजिनाची ओढ, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि या फरकाने आपल्या पायाला मदत मिळते. ओढ अठरा इंचांवरून नऊवर आली की मदत निम्मी होते. डब्यात थोडी ओढ साठलेली असते, म्हणून पहिल्या एक-दोन वेळा पाय दाबताना काही जाणवत नाही. खरी अडचण रांगेत किंवा पार्किंगमध्ये, इंजिन संथ आणि ब्रेक पुन्हापुन्हा लावायचा असतो तेव्हा येते. ५ इंचांच्या दिवसांत भाचा एकदा दुकानासमोर गाडी लावत होता. तिसऱ्यांदा दाबताना ब्रेक दगडासारखा लागला. गाडी थांबली, पण हवी होती त्याच्या चार हात पुढे. पुढे कुणी नव्हतं. मागच्या सीटवर त्याची लेक होती. हे त्याने मला फार उशिरा सांगितलं.

शेव्हरोलेचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी १९५६ साली असाच जोरदार कॅम घातलेली कॉर्व्हेट डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी १५० मैलांच्या वर पळवली. त्यांच्या नावाचा कॅम पुढे प्रसिद्ध झाला. पण त्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत नव्हतीच. कॉर्व्हेटला तसे ब्रेक मिळाले ते १९६३ पासून, तेही मागितले तर. म्हणून तिथे ओढ कमी झाली तरी ब्रेकचं काही बिघडत नव्हतं. आजच्या कुटुंबाच्या गाडीत तोच कॅम घालताना मधल्या काळात त्या ओढीवर काय काय अवलंबून झालं, हे बघायला नको का?

भाच्याने आता ब्रेकसाठी विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप बसवला आहे. नुसती साठवण टाकी त्याने नाकारली, आणि ते मला पटलं. टाकी ओढ साठवते, वाढवत नाही. पेट्रोलच्या वासाचाही उलगडा झाला. कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारी एक झडप असते. त्याची साडेसहा इंचांच्या खाली उघडणारी होती, आणि ओढ पाचवर असल्याने ती उभ्या गाडीतही सताड उघडी राहत होती. आता ओढ नऊ आहे. नऊच्या निम्म्याला उघडणारी, म्हणजे साडेचारची, झडप त्याने घातली आहे.

इंजिन अजूनही थडथडतं. तो आवाज त्याने विकत घेतलेला आहे, तो त्याला लखलाभ!

माझं म्हणणं इतकंच आहे. 'असंच असतं' हे वाक्य तपासाच्या शेवटी यावं. नेमकं किती असायला हवं, आहे किती, आणि मधला फरक कुणाचा, हे तीन प्रश्न झाल्यावर जे उरेल त्याला खुशाल नशीब म्हणा, वय म्हणा, कॅम म्हणा. आणि ते उरलेलं पेलण्यासाठी काही सोय करावी लागली तर तीही करा. तिकडे ती ब्रेकसाठी करावी लागली.

घरच्या मंडळींना एक सांगणं. गाडी असो, पोरं असोत की घरातलं म्हातारं माणूस, बरं चाललं असतानाचे आकडे एकदा वहीत लिहून ठेवा. बिघडल्यावर ते मिळत नाहीत.